उठण्याबसण्यावरून झालेलं आपलं भांडण

मास्टर,

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी किसनअण्णा व्हरांड्यात खुर्चीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "आज उठबस न्हाई का? मास्टर दवाखान्यातनं कवा येणार?" त्यांना अजून कुणी सांगितलंच नव्हतं. मी शेजारी बसले आणि सांगितलं. अण्णा राहू गावचे, आयुष्यभर उसात राबलेले, बोलायला फटकळ. पण त्यांनी नुसते दोन्ही हात छातीशी बांधले आणि खुर्चीतून उठले. बसले. परत उठले. दहा वेळा. बाकीचे सगळे नुसते बघत होते. मोठ्यानं आकडे म्हणायचं काम तुमचं होतं. ते कुणी केलं नाही.

याला आज पंधरा दिवस झाले. तुमचं पूर्ण नाव, वय, दौंडात किती वर्षं टेलरकी केली, हे सगळं आपल्या वृद्धाश्रमाच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे आणि तो फॉर्म ऑफिसच्या कपाटात आहे. मला बोलायचंय ते त्यात नाही. आपलं भांडण मिटलं नव्हतं, मास्टर. तुम्ही मध्येच उठून गेलात.

तुम्ही आलात तो दिवस आठवतो. तुमच्या पुतण्यानं, अस्लमनं, टेम्पोतून आधी शिलाई मशीन उतरवलं आणि मग तुम्हाला. मी इथली सुपरवायझर, नियम सांगणं माझं कामच. म्हटलं, "मशीन कशाला आणलंय चाचा? इथं माणसं आराम करायला येतात."

"आराम आजारी पडलो की करीन," तुम्ही म्हणालात. "मशीन कुठं ठिवू ते सांग. उजेडाला ठिव."

म्हणजे ठेवायचं मलाच होतं. व्हरांड्याच्या टोकाला ठेवलं. तिथून शिरूरकडून येणारा रस्ता दिसतो. रांजणगावला जाणारी पहिल्या शिफ्टची कंपनीची बस गेली की तुम्ही मशीनवर बसायचात. घर सोडून इथं का आलात, असं मी एकदा विचारलं होतं. "जागा कमी पडती घरात," एवढंच म्हणालात. मी पुढं विचारलं नाही. इथं येणारे बहुतेक जण असंच काहीतरी सांगतात.

पहिल्या महिन्याभरात अठ्ठावीसच्या अठ्ठावीस माणसांनी तुमच्याकडं काही ना काही आणून दिलं. कुणाचा परकर, कुणाची उसवलेली बंडी, कुणाच्या पायजम्याची नाडी. तुम्ही सगळ्यांची मापं वहीत लिहून ठेवलीत, कारण मापाशिवाय कापडाला हात लावायचा नाही, हा तुमचा धर्म. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचा वेळ जातोय. तुमच्याबद्दल मी असाच विचार करायचे. आज त्याची लाज वाटते.

पुढं चार-पाच महिन्यांनी तुम्ही एक पायजमा घेऊन ऑफिसात आलात. किसनअण्णांचा. तुम्हीच शिवलेला.

"मंगल, हा बघ. कमरेला बराबर हाय. पोट हाय तसंच. पर मांडीला आन् पोटरीला पार ढगळा झालाय. माझी शिलाई चुकत न्हाई. माणूस कमी झालाय."

मी हसले. "वय झालं मास्टर. व्हायचंच."

"वय तर सगळ्यांचं झालंय. मग मंजुळाबाईंची पोटरी हाय तशी का?"

मी मान वर करून बघितलं ते तेव्हा. तुम्ही वही माझ्यापुढं ठेवलीत. सगळ्यांची पहिली मापं आणि आताची मापं, शेजारी शेजारी. पुरुषांची तुम्ही घेतलेली. बायकांची रेश्मानं घेतलेली. टेप कसा धरायचा हे आमच्या या मदतनीस पोरीला तुम्ही शिकवलंत आणि ती मापं घेत असताना भिंतीकडं तोंड करून बसलात. बहुतेकांच्या पोटऱ्या बारीक झाल्या होत्या. जे दिवसभर खुर्चीत बसायचे त्यांच्या जास्त. इनामगावच्या मंजुळाबाईंची मात्र तसूभरही हललेली नव्हती. ही बाई आम्ही किती ओरडलो तरी पहाटे उठून अंगण झाडायची, स्वतःचा तांब्या स्वतः भरून आणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत उभी राहायची.

"तुम्ही यांना बसवून बसवून वितळवताय," तुम्ही म्हणालात.

मला राग आला, मास्टर. खोटं का बोलू? तुम्हाला बबनराव माहीत नव्हते. तुम्ही यायच्या आधीच्या उन्हाळ्यात ते बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण ते परत आले नाहीत. त्यांचा मुलगा याच ऑफिसात उभा राहून मला म्हणाला होता, "तुमच्या भरवशावर सोडला होता माझा बाप." त्यानंतर संचालकांनी नियम केला की मदतनीस सोबत असल्याशिवाय कुणी खुर्चीतून उठायचं नाही. आणि मदतनीस होत्या दोन. मग काय होणार? माणसं बसून राहिली. चहा खुर्चीत, जेवण खुर्चीत, टीव्ही खुर्चीत. कुणी पडलं नाही. मी महिन्याच्या अहवालात 'पडण्याची घटना नाही' असं लिहायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

तरीही ती वही मी दर गुरुवारी तपासायला येणाऱ्या डॉक्टर मॅडमना दाखवली. मनात होतं, त्या हसतील आणि विषय संपेल. त्या हसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळी पानं उलटली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" तुम्हाला बोलावलं. पोटरीचं माप आम्हीही घेतो, म्हणाल्या. म्हातारपणात स्नायू झिजतात, त्यात बसून राहिलं आणि खाण्यात कस नसला की फार भराभर झिजतात. पायात बळ नसलं की माणूस पडतो. पडला की अंथरुणाला खिळतो. खिळला की छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात. म्हणजे मी ज्या पडण्याला भिऊन सगळ्यांना बसवत होते, ते पडणंच मी जवळ आणत होते. त्यांनी या आजाराचं लांबलचक इंग्रजी नावही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "नाव काय ठिवायचं ते ठिवा मॅडम. करायचं काय ते सांगा."

त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की मला आधी पटलंच नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. भिंतीला धरून टाचा वर करायच्या. आणि ताटात नुसता मऊ भात आणि डाळीचं पाणी न देता डाळ, अंडं, दही, मऊ शिजवलेली मटकी, शेंगदाण्याचं कूट द्यायचं. कवळी नसलेल्यांना कुस्करून, पण द्यायचं. चहा-बिस्किटावर भूक मारायची नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही व्हरांड्याचे मालक झालात. बस गेली की खुर्च्या भिंतीला टेकवून लावायच्या, रेश्मानं एका बाजूला उभं राहायचं, मी दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही मध्ये. "सुई वर... सुई खाली!" असं ओरडायचात. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. स्वयंपाकघरात तुम्ही इतक्यांदा जाऊन मटकीबद्दल विचारायचात की स्वयंपाकाच्या शकूबाई एकदा म्हणाल्या, "मास्टर, तुम्हीच या चुलीपुढं, मी बसते मशीनवर." तुम्ही खरंच गेलात. मटकी करपवलीत. दोन दिवस त्या तुमच्याशी बोलल्या नाहीत.

किसनअण्णा सगळ्यात हट्टी. "म्या काय शाळंत हाय का?" म्हणून बसून राहायचे. तुम्ही त्यांना एकदा बाजूला घेऊन काय सांगितलंत ते मला माहीत नाही. कधी विचारलंही नाही. पण दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी अण्णा मला हाक न मारता खुर्चीतून उठले, वॉकर धरून बाथरूमकडं गेले, दार लावलं आणि परत आले. मी दाराबाहेर कान देऊन उभी होते. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे भरलेले. मला वाटलं कुठं लागलं. ते म्हणाले, "दीड वरीस झालं पोरी. दीड वरीस कुणीतरी समोर हुभं ऱ्हायचं तवा मला लघवी करता यायची."

हे मला कधी कळलंच नव्हतं. समोर उभी राहणारी मीच होते.

मी तुम्हाला ते सांगायला मशीनपाशी आले. तुम्ही पाय थांबवला नाहीत. "म्हाईत हाय," म्हणालात. "मला आधी येऊन सांगून गेला त्यो." आणि मग चष्मा काढून पुसत बसलात.

इथवर सगळं आठवायला बरं वाटतं. याच्या पुढचं लिहायला मी चार दिवस लावले.

पावसाळा संपता संपता तुम्हाला ताप आला. खोकला होताच, तो छातीत उतरला. शिरूरच्या दवाखान्यात बारा दिवस. मी दोनदा येऊन गेले. सलाइन लावलेलं, तुम्ही आडवे. न्यूमोनिया बरा झाला, पण परत आलात ते स्ट्रेचरवर. स्वतःच्या पायांनी आश्रमात आलेला माणूस मी दोघांच्या मदतीनं कॉटवर सरकवला. तुम्ही म्हणालात, "टेप आण."

मी आणला. तुमच्या पोटरीला गुंडाळला. आकडा बघितला आणि एक इंच वाढवून सांगितला.

तुम्ही डोळे मिटूनच होतात. "मास्टरला माप खोटं सांगतीस?" म्हणालात. रागानं नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं. मग म्हणालात, "उद्यापास्नं लागू. हुभं कर मला."

दुसऱ्या दिवशी रेश्मा सुट्टीवर गेली. तिच्या आईला बरं नव्हतं. अठ्ठावीस माणसं, मी आणि एकच मदतनीस. तुमच्या कॉटला मी दोन्ही बाजूंनी कठडे चढवले आणि वॉकर उचलून ऑफिसात ठेवला. दवाखान्याच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. उलट लवकर चालवा, असं लिहिलं होतं. विचारणाऱ्यांना मी सांगितलं, दवाखान्यातून सांगितलंय. हे खोटं मी पहिल्यांदा इथं लिहिते आहे.

"मंगल, हे काय?" तुम्ही कठड्यावर हात ठेवून विचारलंत.

"पडू नये म्हणून. चार-पाच दिवस. रेश्मा आली की काढू."

"चार-पाच दिवसांत माझं काय जाईल ते तुला म्हाईत हाय."

"मास्टर, समजून घ्या ना. मी एकटी आहे."

"म्या समजतो. तू घाबारलीस. पर तुझ्या भ्यावासाठी म्या का आडवा पडू?"

आणि मग मी ते बोलले. बबनरावांच्या मुलाचं बोलणं, दिवसभराचा शीण, सगळं एकदम वर आलं. मी म्हणाले, "तुम्हाला पडायचंच असेल तर दुसऱ्या आश्रमात जाऊन पडा. माझ्या इथं नाही."

तुम्ही तोंड भिंतीकडं केलंत. एके काळी बायकांची मापं चालू असताना जसं करायचात, तसंच.

पाच दिवस. रोज सकाळी बस जायची. तुम्ही कॉटवरून ऐकत असाल. मी तुम्हाला अंडं भरवायला यायचे, तुम्ही खायचात, पण माझ्याकडं बघत नव्हतात. सहाव्या दिवशी रेश्मा आली. कठडे मी स्वतः काढले. तुम्ही नुसते दोन्ही हात पुढं केलेत. पहिल्या दिवशी मी चार म्हणेपर्यंत उभे राहिलात. पाय पाण्यात उभं असल्यासारखे थरथरत होते. दुसऱ्या दिवशी सात. पुढच्या आठवड्यात कॉटपासून दारापर्यंत. सोळाव्या दिवशी वॉकर धरून व्हरांड्यात आलात. सगळे खुर्च्यांवर बसलेले होते. मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या, मग अण्णा, मग ज्यांना जमत होतं ते सगळे. तुम्ही म्हणालात, "बसा बसा. हुभं ऱ्हायचं काम आज माझं."

त्या दिवशी तुम्ही माझ्याशी पहिल्यासारखं बोललात. म्हणालात, "मंगल, तुझ्या ब्लाउजचा खांदा उतारलाय. उद्या दे मला." मला माफी मागायची होती. शब्द तोंडात आले होते. पण सगळे समोर होते, तुम्ही दमला होतात, आणि मला वाटलं, उद्या ब्लाउज घेऊन जाऊ तेव्हा निवांत बोलू.

त्याच संध्याकाळी ताप आला. या वेळी दवाखान्यात चारच दिवस काढलेत आणि तिथूनच गेलात.

मी डॉक्टर मॅडमना विचारलं. सरळ विचारलं, "माझ्या पाच दिवसांमुळं झालं का?" त्या म्हणाल्या, "पाच दिवसांमुळं झालं, असं कुणी सांगू शकणार नाही. त्यानं काहीच फरक पडला नाही, असंही मी तुम्हाला सांगणार नाही." मला बरं वाटावं म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत. एक इंच वाढवून सांगितला नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दफन दौंडला झालं. मी चौथ्या दिवशी तुमच्या घरी गेले. नवऱ्यानं गाडीवरून सोडलं, तो बाहेरच थांबला. अस्लमनं चहा दिला. तुमच्या आठवणी काढत होता, आश्रमाचे आभार मानत होता. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. कठडे, वॉकर, पाच दिवस, दवाखान्याचं नाव पुढं केलं ते. आणि तुम्हाला बोललेलं ते वाक्यही. तो ओरडेल, बबनरावांच्या मुलासारखा उभा राहील, असं मनाशी धरूनच गेले होते.

तो उठला नाही. जिन्याकडं बघत बसला. तुमच्या घरातला तो अरुंद लोखंडी जिना मी पहिल्यांदाच बघत होते.

"वर चाचांची खोली हाय," तो म्हणाला. "दोनदा घसरले जिन्यावरनं. मग म्याच खोलीला कुलूप घातलं. खाली या कोपऱ्यात खाट टाकली आन् सांगितलं, आता बसून ऱ्हायचं, काय पाहिजे ते हातात देतो. सहा महिने बसले. एक दिवस म्हणले, अस्लम, मला अशा जागी सोड जिथं चालायला अंगण हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आम्ही कुणी हाकललं न्हवतं ताई त्यांना. लोकं तसंच समजत्यात."

मी समजत होते तसंच, मास्टर. दोन वर्षं मी तुमच्या पुतण्याला मनातल्या मनात नावं ठेवत होते. आणि तुम्ही 'जागा कमी पडती' म्हणून त्याची झाकली मूठ सांभाळत होतात. ज्या बसण्यापासून पळून तुम्ही आमच्याकडं आलात, तेच मी तुम्हाला शेवटी दिलं. अस्लमनं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. निघताना तो गाडीपर्यंत आला, एवढं खरं. आम्ही दोघांनी सारखंच केलं होतं, आणि दोघांनीही तुमच्यावर जीव होता म्हणूनच केलं होतं. त्यानं ते हलकं होत नाही.

परत आल्यावर मी संचालकांना लेखी दिलं की उठायचं नाही हा नियम मला पाळता येणार नाही, आणि तिसरी मदतनीस हवी. अजून उत्तर आलेलं नाही. पण सकाळची उठबस रोज होते. आकडे आता आळीपाळीनं म्हणतात. मंजुळाबाई सात गाळून थेट आठ म्हणतात आणि कुणीही टोकलं तरी मानत नाहीत.

आणि काल किसनअण्णा पडले.

हे तुम्हाला सांगायलाच आज पुन्हा लिहायला बसले. अंगणात चालताना वॉकरचं चाक फरशीच्या फटीत अडकलं. ते एका अंगावर गेले. मी पळत गेले. कोपर सोलवटलं, गुडघ्याला मुका मार. तपासलं, एक्सरे काढला, हाड शाबूत आहे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पायात जोर होता म्हणून सावरत पडले. मला तेवढ्यानं धीर आला नाही. महिन्याचा अहवाल समोर होता आणि त्यात लिहायची ती घटना घडली होती.

मी अण्णांच्या मुलीला फोन लावला. ती यवतला असते. मी काही लपवलं नाही. म्हटलं, "तुमचे वडील चालताना पडले. खरचटलंय. आणि उद्या सकाळी मी त्यांना परत चालवणार आहे. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा."

तिनं एक्सरेचं विचारलं, मी सांगितलं.  मग ती म्हणाली, "बरं. पर हात धरा त्यांचा."

आज सकाळी धरला होता, मास्टर. अंगणाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला त्यांनीच सोडवून घेतला.